एक पाऊल पुढची बाई : स्तनाच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर सोबत कशी शोधावी

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घर माणसांनी भरतं. जाऊ येते, नणंद येते, शेजारच्या काकू भरलेला डबा ठेवून जातात. सगळ्या मनापासून येतात. पण रात्री दिवा मालवल्यावर जे प्रश्न उठतात, त्यांची उत्तरं यांच्यापैकी कुणाकडेच नसतात. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी जिच्यात साठतं ती ड्रेनची बाटली लटकत असताना अंघोळ कशी करायची? केस गळायला लागले की मुलांना आधी सांगायचं की त्यांना आपसूक दिसू द्यायचं? नवऱ्यासमोर कपडे बदलायचा धीर पुन्हा कधी होतो?

माझ्या या प्रश्नांची उत्तरं मला मुंबईतल्या एका धर्मशाळेच्या जिन्यात मिळाली. बार्शीकडच्या एक मावशी तपासणीसाठी आल्या होत्या. त्यांच्या ऑपरेशनला अकरा महिने झाले होते, माझ्या ऑपरेशनला चार दिवस उरले होते. मी जिन्यात रडत बसलेली पाहून त्या शेजारी टेकल्या, ब्लाउजमध्ये हात घालून, काढलेल्या स्तनाच्या जागी ठेवलेली एक छोटी थैली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याची, हातानं शिवलेली, आत कापूस आणि मधोमध मूठभर मोहरी. "वजन बघ," त्या म्हणाल्या. "नुसता कापूस भरला की वर चढतोय. मोहरीनं जागच्या जागी बसतंय." मग ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात सरळ डोक्यावर नेला. "हे बघ. भाकरी थापते मी."

निदान झाल्यापासून त्या रात्री मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

ज्यांना नुकतंच कळलंय, त्यांना माझं सांगणं एवढंच आहे : आधी रुग्णांचा गट शोधत बसू नका, आधी एक बाई शोधा. तुमच्याच वाटेवरची, तुमच्यापेक्षा सहा महिने ते दोन वर्षं पुढे गेलेली. आपल्या भाषेत तिला समदुःखी म्हणतात आणि त्यापेक्षा नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. ती तुमच्या आसपास आहेच. २०२२ च्या जागतिक आकडेवारीप्रमाणे भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. आपल्या देशात बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच. तुमच्या तालुक्यात, कदाचित तुमच्या गल्लीतही कुणीतरी आहे. बोलत नाही, इतकंच.

पहिली पायरी : आधी आपला कागद समजून घ्या

सोबतीण शोधायची तर रिपोर्ट कशाला, असं वाटेल. पण स्तनाचा कर्करोग हा एकच एक आजार नाही. दोघींचं नाव एक, उपचार मात्र पार वेगळे, असं सर्रास होतं. मला हे माहीत नव्हतं. नात्यातल्या एकीनं तिच्या मैत्रिणीशी फोन जोडून दिला. ती म्हणाली, "मला केमो लागलीच नाही, तुलाही नाही लागणार." तीन दिवस मी त्या वाक्यावर जगले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी आठ केमो सांगितल्या आणि पायाखालची जमीन सरकली. ती बाई खोटं बोलली नव्हती. तिची गाठ लहान होती आणि हॉर्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हॉर्मोनवर वाढणारी होती. माझी तशी नव्हती.

म्हणून एक साधी वही घ्या आणि डॉक्टरांना विचारून पहिल्या पानावर हे लिहून घ्या : स्टेज कोणती, ईआर आणि पीआर (गाठ हॉर्मोनवर वाढते का, ते यांवरून कळतं) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, आधी ऑपरेशन की आधी केमो, पूर्ण स्तन काढणार की फक्त गाठ. हॉर्मोन पॉझिटिव्ह असलेल्या बाईला मुख्य उपचार संपल्यावरही पाच ते दहा वर्षं गोळ्या चालू राहतात. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर केमोशिवाय वेगळी इंजेक्शनं असतात आणि ती बहुधा वर्षभर चालतात. तिन्ही निगेटिव्ह असतील, म्हणजे ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात, तर हॉर्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नसतो. हे पान जवळ असलं की समोरची बाई आपल्या वाटेवरची आहे की शेजारच्या, ते दोन मिनिटांत कळतं. शेजारच्या वाटेवरचीही धीर देऊ शकते. फक्त तिच्या उपचारांवरून आपल्या उपचारांचा अंदाज बांधू नये.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर, आपल्याला काय हवंय तेही लिहा. कुणाला माहिती हवी असते, कुणाला नुसतं ऐकून घेणारं माणूस, तर कुणाला ऑपरेशनच्या दिवशी मुलांना शाळेतून कोण आणेल याची सोय. हे नीट सांगता आलं की मदत करणारीलाही सोपं जातं.

दुसरी पायरी : सुरुवात रुग्णालयातच करा

डॉक्टरांच्या केबिनमध्ये गर्दी असते, वेळ कमी असतो. तरी एक वाक्य तयार ठेवा : "तुमच्याकडे माझ्यासारखंच ऑपरेशन आणि केमो होऊन गेलेली, माझ्या वयाची कुणी असेल, तर माझा नंबर तिला द्याल का?" नंबर तुमचा द्यायचा, तिचा मागायचा नाही. रुग्णाचं नाव दुसऱ्याला सांगणं डॉक्टरांना बरोबर वाटत नाही, आणि ते योग्यच आहे. तुमचा नंबर पुढे गेला की बोलायचं की नाही, हे तिच्या हातात राहतं. मी सुरुवातीला एका ठिकाणी सरळ "कुणाचा नंबर द्या" असं विचारलं होतं. "इथं असलं काही नसतं," म्हणून काउंटरवरून मला परत पाठवलं. पुढच्या खेपेला वाक्य बदललं आणि ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनं संध्याकाळपर्यंत एक फोन आणून दिला.

सिस्टरना विचारायला अजिबात संकोच करू नका. केमोच्या डे-केअरमधल्या आणि ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरना कोण बोलकी आहे, कुणाला बोललेलं आवडतं, हे बरोबर ठाऊक असतं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. पैशांच्या अर्जासाठी त्यांच्याकडे जावं लागतंच, तेव्हाच हेही विचारून घ्यावं.

मुंबईत उपचार असतील तर संस्थाही हाताशी आहेत. व्ही केअर फाउंडेशन ही १९९४ साली वंदना गुप्ता यांनी सुरू केली. त्यांनी स्वतः कर्करोगातून बाहेर पडल्यावर हे काम उभं केलं आणि त्यांच्या स्वयंसेवकांमध्ये हा आजार पार केलेली माणसं आहेत. संजीवनी लाइफ बियॉन्ड कॅन्सर ही संस्था रुबी अहलुवालिया यांची, त्याही स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून काम करते. या दोन्हीकडे सोबतीच्या जोडीनं औषधपाण्याच्या मदतीचीही चौकशी करता येते. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनचं काम खास स्तनाच्या आजारांवर आहे. कुठेही फोन केलात तर सुरुवातीलाच सांगा, "मला मराठीत बोलणारी, स्वतः यातून गेलेली बाई हवी आहे." नाहीतर समुपदेशकाशी गाठ घालून देतात. समुपदेशकही हवेतच, पण ती गरज वेगळी आहे.

आणि धर्मशाळा. दादरची संत गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा किंवा परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन, अशा ठिकाणी बाहेरगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. तिथे राहणार असाल तर संध्याकाळी खोलीत पडून राहू नका. बाहेर येऊन बसा. नाव विचारायच्या आधी "कितवी केमो?" असं विचारलं जातं, आणि गप्पा तिथूनच सुरू होतात.

गावाकडे असाल तर

बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, अशा ठिकाणी उपचार असतील तर वरचंच सगळं लागू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होत असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जी रांग लागते, ती रांगही सोडू नका. कुठल्या कागदाच्या किती झेरॉक्स लागतात, हे तुमच्या पुढे उभी असलेली बाई जास्त चांगलं सांगेल आणि बोलणं तिथूनच पुढे सरकेल.

गावात परत आल्यावर मात्र अवघड होतं. मुलींची लग्नं व्हायची असतात, लोक काय म्हणतील याची धास्ती असते, म्हणून बायका ऑपरेशनसुद्धा "पोटाचं होतं" म्हणून सांगतात. त्यांना दोष देऊ नये. अशा वेळी दोन माणसं उपयोगी पडतात. एक आशाताई, कारण तिला घरोघरचं माहीत असतं आणि तोंड बंद ठेवायची सवयही असते. दुसरी, ब्लाउज शिवणारी. हे मला फार उशिरा सुचलं. आतून खिसा लावलेला ब्लाउज कुणी शिवून घेतला, हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. तिला नाव विचारू नका. "माझंही तसंच ऑपरेशन आहे, त्यांना वाटलं तर मला फोन करायला सांगा," एवढा निरोप ठेवा. आमच्या तालुक्यात दोघी अशाच भेटल्या.

परदेशातल्या मराठी बायकांसाठी थोडक्यात : अमेरिकेत अमेरिकन कॅन्सर सोसायटीचा रीच टू रिकव्हरी हा उपक्रम आणि ब्रिटनमध्ये ब्रेस्ट कॅन्सर नाऊची समवन लाइक मी ही सेवा, दोन्ही तुमच्यासारख्याच उपचारांतून गेलेल्या बाईशी तुमची गाठ घालून देतात. पण आजारपणात मन आपल्या भाषेकडे धाव घेतं. तिथल्या सोबतिणीबरोबरच इकडची एखादी फोनवर असू द्या.

रीच टू रिकव्हरीचा उगम मला फार जवळचा वाटतो. टेरीस लॅसर यांचं १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये स्तनाचं ऑपरेशन झालं. पुढे काय करायचं हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून त्या स्वतःच ऑपरेशन झालेल्या बायकांना रुग्णालयात जाऊन भेटायला लागल्या. बरोबर हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि चेंडू, आणि तात्पुरता कृत्रिम स्तन. बार्शीच्या मावशींनी त्यांचं नाव कधी ऐकलं नसणार. पण थैली तीच आणि डोक्यावर नेलेला हातही तोच.

तिसरी पायरी : पहिला फोन

फोन दुपारी करा, दोन ते चारच्या मध्ये, घरात कुणी नसताना. तुमच्याही आणि तिच्याही. आधी मेसेज टाकून वेळ विचारा. वीस मिनिटं पुरेत. रडू आलं तर येऊ द्या, तिला ते नवीन नाही.

सुरुवात "तुम्ही कशा आहात आता?" अशी करा. ती सध्या तपासणीच्या रिपोर्टची वाट पाहत असेल, तर त्या दिवशी तिच्याकडून काही मागू नये. मग वहीतलं पहिलं पान सांगा आणि रोजच्या जगण्यातले प्रश्न विचारा. ड्रेनची बाटली कशात ठेवलीत? (मी नाडीची कापडी पिशवी शिवून गळ्यात अडकवली होती. बाहेर जाताना त्यावरून ओढणी घेतली की कुणाला कळत नसे. बाटलीत रोज किती मिली आलं, ते लिहायची पेन्सिलही त्याच पिशवीत.) कोणत्या दिवशी तोंड आलं, तेव्हा काय खाल्लं? केस कधी गेले? माझे पहिल्या केमोनंतर अठराव्या दिवशी गेले. त्याआधी केस बारीक कापून घ्या, हे मला फोनवरच्या ताईंनी सांगितलं होतं, म्हणून पुंजके हातात येण्याचा धक्का थोडा कमी बसला. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताची काळजी कशी घेतली, हे जरूर विचारा. त्या ताईंनी सांगितलेली एक खूण मी अजून पाळते : रोज सकाळी दोन्ही हातांतल्या बांगड्या फिरवून बघायच्या. त्या बाजूची घट्ट वाटायला लागली, तर हाताला सूज चढतेय असं समजून लगेच दाखवायला जायचं. लवकर लक्षात आलं तर सूज आटोक्यात ठेवणं सोपं जातं.

जे विचारू नये तेही सांगते. "मी वाचेन ना?" हा प्रश्न तिला विचारू नका. तो तिनं स्वतःलाच हजार वेळा विचारलेला असतो आणि उत्तर तिच्याकडे नसतं. औषध कोणतं घेऊ, कोणतं सोडू, हेही नाही.

पहिल्या फोनवर सूर जुळला नाही तर ओशाळून जाऊ नका. एखादी फार बोलते, एखादी सारखा देवाचा कौल सांगते, एखादीला तिचंच दुःख अजून ताजं असतं. आभार मानून दुसरी शोधावी. मला सूर जुळणारी तिसऱ्या फोनवर मिळाली आणि आता पाच वर्षं झाली, तिच्या नातवाच्या बारशालाही मी गेले होते.

चौथी पायरी : मग गट

एक भेटली की ती तुम्हाला कुठल्या तरी व्हॉट्सअॅप गटात घेतेच. गट उपयोगी आहे. विग कुठे मिळतो, रक्त द्यायला कोण येईल, कोणत्या मेडिकलमध्ये इंजेक्शन स्वस्त पडतं, हे गटावर पाच मिनिटांत समजतं. पण आत गेल्या गेल्या दोन गोष्टी करा. नोटिफिकेशन बंद करा आणि दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी उघडा. रात्री झोपण्याआधी तर नाहीच. कारण गटात एक दिवस असाही येतो, की ज्या बाईनं तुम्हाला आल्याच्या वड्या करायला शिकवलं, तिच्या नावापुढे कुणीतरी हात जोडलेली चिन्हं टाकतं. तो दिवस टळत नाही. निदान तो मध्यरात्री एकटीनं वाचायची वेळ येऊ नये. आणि वाचलंत तर आपल्या त्या एका बाईला फोन करा, कितीही वाजले असले तरी.

गट चांगला की वाईट, हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते. कुणी "केमो सोडा, हे घ्या" म्हणालं तर चालक काय करतात? गोमूत्र, पपईच्या पानांचा रस, अमुक गोळ्या, तमुक वैद्य, "साखर बंद केली की गाठ उपाशी मरते", हे सगळं येतंच. चालक ते लगेच काढून टाकत असतील तर तिथं निर्धास्त राहा. काढत नसतील, किंवा गट चालवणारेच काही विकत असतील, तर त्या दिवशीच बाहेर पडा. कारण सांगायची गरज नाही. आणि आपला रिपोर्ट, आधार कार्ड, फोटो असल्या गटावर कधीही टाकू नका. पैशांसाठी आवाहन करायचं असेल तर आधी समाजसेवा विभागाला विचारा.

प्रत्यक्ष भेटणारे गटही असतात. ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीचा महिना म्हणून रुग्णालयांत कार्यक्रम होतात, तिथे जाऊन शेवटच्या रांगेत बसलं तरी चालतं. भाषणांपेक्षा चहाच्या वेळी जास्त ओळखी होतात.

गटाकडून काय मागू नये

हे जरा सविस्तर लिहिते, कारण इथे चूक झाली तर महागात पडते.

केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर गेला, तर गटावर विचारू नका, सोबतिणीला फोनही करू नका, "क्रोसिन घेऊ का" असंही नाही. थेट रुग्णालयात जा, रात्र असली तरी. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. थर्मामीटर घरात हवाच.

दुसरं, गटात गेल्यानं आयुष्य वाढतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १९८९ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासातून तशी आशा निर्माण झाली होती. आजार पसरलेल्या बायकांवर त्यानंतर मोठे अभ्यास झाले, त्यांत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, गटात येणाऱ्या बायकांचा मानसिक त्रास आणि दुखणं कमी झाल्याचं आढळलं. माझ्या मते तेवढं पुष्कळ आहे. आणि जी गेली ती "मनानं खचली म्हणून गेली" असं कुणी म्हणत असेल, तर त्याला तिथेच थांबवा.

तिसरं, सोबतीण म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ नव्हे. दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आपल्या कर्करोगाच्या डॉक्टरांनाही स्पष्ट सांगा. झोपेच्या नाहीतर मनाच्या गोळ्या लागल्या, तर त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांची वाट वेगळी आहे

आजार हाडांत किंवा फुप्फुसांत पसरला असेल, तर "मी बरी झाले, तूही होशील" असं म्हणणाऱ्या गटात मन जास्तच एकटं पडतं. चौथ्या स्टेजबरोबर वर्षानुवर्षं जगणाऱ्या बाया आहेत. सिस्टरला नेमकं तसंच सांगून त्यांच्यापैकी एखादी शोधा. दुखणं फार असेल तर वेदनाशामक उपचारांचा वेगळा विभाग असतो, तिथे लवकर जा. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र ही सेवा मोफत देतं. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे.

मूल व्हायचं असताना निदान झालेल्या तरुण मुलींनी केमोच्या आधीच बीजांडं साठवण्याबद्दल डॉक्टरांना विचारावं, आणि सोबतीणही त्याच वयाची मागावी. पंचावन्न वर्षांच्या काकूंकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं. पुरुषांनाही हा आजार होतो, या आजाराच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. त्यांच्यासाठी जोडीदार मिळणं खरोखर कठीण आहे, म्हणून संस्थेमार्फतच शोधावं.

आणि घरच्यांसाठी : नवऱ्याला वॉर्डाबाहेरच्या बाकावर इतर नवऱ्यांबरोबर बसू द्या. माझा नवरा माझ्यासमोर एकदाही रडला नाही. तिथे रडला, हे मला नंतर कळलं.

तुमचा नंबर कुणी मागितला की

उपचार संपल्या संपल्या दुसऱ्यांना धीर द्यायला धावू नका. एक वर्ष जाऊ द्या. दुसरीची गोष्ट ऐकून रात्री आपल्याला झोप लागते का, ते बघा. लागत असेल तर सिस्टरकडे नंबर ठेवा. महिन्याला एक फोन पुरे. रुग्णांना सोबत देणाऱ्या संस्थांमध्ये स्वयंसेवकांना शिकवलं जातं, शक्य असेल तर आधी तिथे शिकून घ्या.

मी कुणाला भेटायला गेले की थैली घेऊनच जाते. हातानं विणलेले सुती कृत्रिम स्तन मोफत देणारे स्वयंसेवी गटही आता आपल्याकडे आहेत, त्यांची चौकशी जरूर करा, ते हलके आणि मऊ असतात. तोवर घरची थैली चालते. जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच वापरायची. धुतलेलं, जुनं, मऊ सुती कापड दुहेरी घ्या. दुसऱ्या बाजूच्या मापानं गोल कापा. कापूस सगळीकडे सारखा पसरा, मोहरी वेगळ्या पुरचुंडीत बांधून खालच्या बाजूला ठेवा आणि एक बाजू शिवून न टाकता टिचबटण लावा. धुताना मोहरीची पुरचुंडी आठवणीनं बाहेर काढा, नाहीतर दोन दिवसांत मोड येतात.